कढईत दगडाच्या जागी

परवा नातीने अंदमानहून फोटो पाठवले. अंगात नारिंगी जाकीट, डोळ्यांवर काच, तोंडात नळी आणि मागे निळंशार पाणी. एका फोटोत ती रबरी नावेवरून उडत होती, दुसऱ्यात समुद्राच्या तळाशी उभी. आधी नीट शिकवतात म्हणे, मगच पाण्यात सोडतात. मी तिला कळवलं की आम्हीही बेटावर जात होतो, आणि आम्हाला कोणी काही शिकवत नसे. तिने हसऱ्या तोंडाची चार चित्रं पाठवली. आजीने थाप मारली असं वाटलं तिला. आजी थापा मारते हे खरं आहे, पण ही थाप नाही.

माझं सासर तीर्थपुरीच्या खाली, गोदावरीच्या काठावर. आमच्याकडे त्या नदीला गंगाच म्हणतात. गावासमोर गंगेचे दोन फाटे व्हायचे आणि मध्ये बेट उरायचं. काळा खडक, वाळू, पाच-पन्नास बाभळी. पलीकडचा फाटा उन्हाळ्यात आटायचा, अलीकडचा मात्र डोहासारखा खोल राहायचा. आमच्या दारातून ते बेट दिसायचं. लग्न होऊन आले तेव्हापासून मी ते रोज बघत होते, पण तिथे कधी पाय ठेवला नव्हता. सुनेचं बेटावर काय काम?

ते सत्तर सालानंतरचे दिवस. मोठा दुष्काळ सरून पावसाळे पुन्हा लागले होते. आमचे हे मास्तर, नोकरी दूर दुसऱ्या तालुक्यात. महिन्याकाठी येत, दोन रात्री राहत, शाळेतल्या पोरांच्या गोष्टी सांगत आणि एस.टी. धरत. घरात मी आणि आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई. आत्याबाई वाईट नव्हत्या, बोलत मात्र नव्हत्या. दिवसभरात ‘पाणी आण’ आणि ‘दार लाव’ एवढंच ऐकू यायचं. संध्याकाळी मी शेळीशी बोलायचे. शेळी निदान बघायची तरी.

म्हणून उन्हाळ्याची वाट बघायचे. उन्हाळ्यात जालन्याहून नणंद यायची. तिला आम्ही आक्का म्हणायचो. जालन्यातच मस्तगडला दुकानावर घर, अंगाने चांगली भरलेली, आवाज तिच्याहून भरलेला. बरोबर तिची पोरं आणि शेजारची एक खाला. खाला घरी उर्दू बोलायची आणि आमच्याशी अर्धं उर्दू, अर्धं मराठी. ही मंडळी आली की घर नुसतं बोलायचं. मंग एक दिवस सगळे बेटावर जायचे, आणि मी भाकरी बांधून देऊन काठावर उभी राहायचे.

त्या वर्षी मी मनाशी पक्कं केलं होतं. आक्काला म्हणायचं, मला चार दिवस मस्तगडला न्या. दुकानं बघायची होती असं नाही. चार दिवस कोणीतरी बोलत असलेल्या घरात झोपायचं होतं. मी ते वाक्य भाकऱ्या थापताना पाठ केलं होतं. किती बावळट! पाठ केलेलं वाक्य म्हणायला आधी कोणी विचारावं लागतं, हे डोक्यातच नव्हतं.

बेटावर जायची नाव म्हणजे गुऱ्हाळाची कढई. गूळ करायची मोठी लोखंडी कढई हिवाळ्यात चुलाणावर, उन्हाळ्यात पाण्यात. कढईवाले आबा पाण्यात उतरून, पोहत, ती पुढे ढकलत न्यायचे. कढई गोल, तिला पुढचं-मागचं तोंड नाही, त्यामुळे माणूस गरगर फिरत पैलतीरी जायचा. नियम एकच, दोन्ही बाजूंना वजन सारखं पाहिजे. एकीकडे कमी पडलं तर आबा काठावरचा एक चपटा दगड उचलून तिकडे ठेवायचे.

त्या दिवशी आक्का बसली आणि कढई तिच्या बाजूला पाण्याला टेकली. खाला, पोरं, भाकरीची टोपली सगळं दुसरीकडे घातलं, तरी भागेना. आबांनी दगडाकडे बघितलं, मग स्वतःच्या कमरेला हात लावला आणि मग माझ्याकडे बघितलं.

“सूनबाई, तूच बस इकडं. दगड उचलवंना झालाय मला.”

आत्याबाई काही म्हणायच्या आत मी कढईत होते. दगडाऐवजी घेतलंय याचा राग यायला हवा होता. मी इतकी हुरळले होते की आबांनी पोत्याऐवजी नेलं असतं तरी चाललं असतं.

बेटावर पोरं वाळूच्या उतारावरून घसरत होती, खडकावरून डोहात उड्या मारत होती. आबांनी वाळलेल्या भोपळ्यांची जोडी आणली होती. ते भोपळे काखेखाली बांधून पोहायला शिकतात. आक्काने मला विचारलं, तुला येतं का पोहायला? मी लगेच म्हटलं, बराबर येतं, आमच्या माहेरी हसनाबादकडं सगळ्यांनाच येतं. आमच्याकडच्या ओढ्याला चार महिने पाणी, तेही गुडघाभर, हे सांगितलं नाही. आक्काला मी आवडले, तर ती नेईल. तेवढंच डोक्यात.

काखेखाली दोरी घेताना पदर सुटेल म्हणून मी भोपळे कमरेला बांधले आणि खडकावरून उडी टाकली. भोपळ्यांनी त्यांचं काम चोख केलं. कंबर वर काढली, डोकं खाली घातलं. लुगडं पाण्यावर फुगलेलं आणि तोंड पाण्यात. नातीने फोटोत दाखवला तो समुद्राचा तळ मी तेव्हाच बघून आले. आबांनी वेणी धरून मला बाहेर ओढलं. आक्का हसून हसून वाळूवर लोळली. खालाने मात्र तिची ओढणी माझ्या अंगावर टाकली आणि पाठीवर थापट्या मारत राहिली.

आक्का एवढी खुशीत आहे तर आता विचारावं, असं मनात आलं. मी नाका-डोळ्यांतलं पाणी पुसून तिच्याजवळ सरकले. तेवढ्यात आबांनी हाक मारली की वारं सुटलंय, आटपा. त्यांनी बेटावरच्या वाळूत टरबुजं लावली होती, अर्धी त्यांची, अर्धी आमची. आमच्या वाट्याची टरबुजं कढईत भरली गेली, आणि आक्का बसली तरी कढई जागची हलली नाही. अगदी सरळ उभी राहिली.

मी पाय उचलला होता.

“ऱ्हाऊ दे गं तू,” आक्का म्हणाली. “टरबुजं पोरांसाठी पायजेत. तू काय, घरचीच हायस. येतील आबा माघारी.”

कढई गरगरत निघाली. दर फेऱ्याला आक्काची पाठ दिसायची, मग तोंड, पण ती टरबुजं सांभाळत होती. खालाने मान वळवून हात हलवला. मीही हलवला. मग बेटावर कोणी नव्हतं. पोरांच्या घसरण्याच्या खुणा वाळूत तशाच होत्या. मी एकदा घसरून बघितलं. एकटीने घसरण्यात मजा नसते. पलीकडे आमचं दार दिसत होतं, चुलीचा धूर दिसत होता, आणि तिथून मला कोणी बघत असेल असं काही वाटेना.

ऊन कलल्यावर आबा आले. मला एकटीला न्यायचं तर समोर वजन हवं, म्हणून कमरेला फडकं गुंडाळून त्यांनी तो चपटा दगड कढईत घालून आणला होता. मी एका बाजूला, दगड दुसऱ्या बाजूला. आबा मागून ढकलत होते. अर्ध्या वाटेत मी पाठ केलेलं वाक्य दगडाला म्हणून बघितलं.

“आक्का, मला चार दिवस तुमच्याकडं न्या.”

“कुनाशी बोलून राह्यलीस?” आबांनी पाण्यातून विचारलं.

“कुनाशी न्हाई.”



दुसऱ्या दिवशी एस.टी.पाशी ते वाक्य मी खऱ्या आक्काला म्हटलं. ती टरबुजाचं पोतं वर चढवत होती. म्हणाली, “अगं, मंग आईजवळ कोन ऱ्हाईल?” रागाने नाही, अगदी सहज. आणि गाडी गेली. घरी आले तर आत्याबाई म्हणाल्या, दार लाव.

पुढच्या उन्हाळ्यात आक्का यायची बातमी आली, तेव्हा सकाळी धुणं घेऊन मी घाटावर गेले. कढई पालथी पडली होती, शेजारी तो दगड. आजूबाजूला कोणी नाही असं बघून मी त्याला पायाने रेटत रेटत काठापर्यंत नेलं आणि डोहात ढकलून दिलं. मोठा आवाज झाला. वळून बघते तर आबा बाभळीखाली चिलीम ओढत बसलेले.

मंडळी आली. आक्का कढईत बसली, कढई कलली. काठावर दगडांची काही कमी नव्हती. आबांनी इकडे बघितलं, तिकडे बघितलं, कमरेला हात लावला आणि म्हणाले, “सूनबाई, ये. दगड सापडंना.”