तीन ॲप आणि आबांचा बिल्ला

त्या दिवाळीआधी माझ्या फोनवर आर्थिक बातम्यांची तीन ॲप होती. सकाळी दिल्लीतल्या मयूर विहारच्या मेट्रो फलाटावर उभी राहून मी आधी कुठलं उघडायचं ते ठरवायचे. ठरवायचे म्हणजे काय, आज कुठलं कमी घाबरवेल ते बघायचे.

एक लाल पट्टीवालं होतं. ते दिवसातून वीस वेळा पर्समध्ये थरथरायचं, आणि प्रत्येक थरथरीला मी फोन बाहेर काढायचे. दुसरं वर्गणीचं. दोन ओळी वाचू द्यायचं आणि तिसरी ओळ धुरकट करून म्हणायचं, पुढे वाचायचं तर पैसे भरा. तिसरं अगदी छोट्या बातम्यांचं, एका बोटाने वर ढकलायच्या. एक सरकवली की माणूस मेला, दुसरी सरकवली की सोनं वाढलं. हे नवऱ्याने फोनवर घालून दिलं होतं. "तुला एवढं लागतंच असेल तर निदान थोडक्यात तरी घाबर," असं म्हणून.

हे वाचायची सवय मला भीतीपोटी लागलेली नव्हती, हे आधी सांगते. गुरुग्रामच्या कंपनीत मी लागले तेव्हा चहाच्या मशीनपाशी सगळे जे बोलायचे त्यातलं निम्मं मला कळायचं नाही. तिमाही, मार्जिन, बोर्ड. आमच्या घरातला पहिला पदवीचा कागद माझा. मराठी माध्यमातून शिकून मी इथवर आले आणि चहा पिताना गप्प उभं राहायचं, हे मला मान्य नव्हतं. म्हणून रोज सकाळी वाचायला लागले, शब्द वहीत उतरवून घ्यायला लागले. सहा महिन्यांत मी त्या मशीनपाशी लोकांना समजावून सांगत होते. मला त्याचा अभिमान होता, आजही आहे.

मग सप्टेंबरात एका सकाळी लाल ॲप थरथरलं आणि त्यात आमच्या कंपनीचं नाव होतं. मोठ्या कपातीच्या तयारीत, सूत्रांची माहिती. मी मेट्रोत दांडी धरून उभी होते. दारं उघडली, मिटली, पुन्हा उघडली. गाडी बदलायचं स्टेशन केव्हा गेलं मला कळलंच नाही. दोन स्टेशनं पुढे जाऊन परत आले आणि नोकरीला लागल्यापासून पहिल्यांदा उशिरा पोचले. त्या दिवशी उशिरा पोचलेले सगळे कुणीतरी लिहून घेतंय असं मला उगाचच वाटत राहिलं.

माझी नोकरी गेली असती तर मी उपाशी मेले नसते. नवरा केंद्र सरकारच्या खात्यात आहे, पुण्याचा, त्याच्या घरात आजोबांपासून पेन्शन. पण प्रश्न आबांचा होता.

आबा, म्हणजे माझे वडील, कोल्हापूरच्या गूळ मार्केटात हमाल. आयुष्यभर पाठीवर गुळाचे रवे, म्हणजे ढेपा, आणि हंगाम नसला की कांद्याची पोती. त्यांच्या कमरेचा फोटो बघून डॉक्टरांनी सांगितलं होतं की आता उचलणं बंद, नाहीतर उठणं बंद होईल. मी आबांना शब्द दिला होता की या दिवाळीला तुम्ही बिल्ला परत करायचा, घर मी चालवणार. बिल्ला म्हणजे हमालाची नोंद असलेली पितळी चकती. ती आहे तोवर टोळीत जागा आहे. परत केली की मुकादम ती जागा दुसऱ्याला देतो, आणि मग ती पुन्हा मिळत नाही. कुणी कितीही पाया पडलं तरी. दिवाळीच्या पाडव्याला नव्या गुळाचा पहिला सौदा निघतो. मुकादमाला त्याच्या आत उत्तर हवं होतं.

रोज दुपारी डबा खाताना आबांचा फोन यायचा.

"काय म्हणतंय हाफिस?"

"बरं आहे आबा."

"मग देऊ का बिल्ला? मुकादम इचारतोय."

"थांबा जरा. आठ दिवस थांबा."

"थांबतो की. माझं काय, मला सवयच हाय."

असे आठ दिवस मी किती वेळा मागून घेतले ते मोजलं नाही. कारण सांगितलं नाही. काय सांगणार? की ज्या नोकरीचे पेढे तुम्ही अख्ख्या मार्केटात वाटले, तिच्याबद्दल रोज सकाळी असं येतं?

घरी मात्र बोलायचे. नवरा ऐकायचा आणि वैतागायचा.

"तू बातम्या वाचतेस की पंचांग बघतेस? आज अमुक, उद्या तमुक. अगं, गेली नोकरी तर गेली. दुसरी मिळेल. आणि मी आहे ना!"

"तू माझ्यासाठी आहेस. आबांसाठी मी आहे."

"म्हणजे मी परका?"

"परका नाहीस. पण आबा जावयाच्या पगारावर जेवणार नाहीत आणि मी त्यांना जेवू देणार नाही. तुला हे कळणार नाही, तुमच्यात कुणी हा हिशेब केलेला नाही."

तो उठून गॅलरीत गेला. थोड्या वेळाने तिथूनच म्हणाला, "चहा ठेवतोय. थोडक्यात घेणार की पूर्ण?" मला हसू आलं नाही, पण चहा घेतला.

एका रविवारी मी कॉलेजात परीक्षेला बसायचे तशी बसले. वहीत तीन रकाने आखले. कोण आधी सांगतं, कोण चुकलं की दुरुस्त करतं, कोण नुसतं घाबरवतं. तिन्हींतलं एकच ठेवायचं, जे मला वेळेवर खरं सांगेल, म्हणजे आबांना हो किंवा नाही म्हणता येईल. बाकी काही नको होतं मला. धुरकट ओळींमागे काय आहे ते कळावं म्हणून वर्गणीही भरली, वर्षाची. मागे त्याच दोन ओळी लांबवून वीस केलेल्या होत्या. अर्थात शेवटी लिहिणाऱ्याचं नाव होतं, आणि कंपनीने बोलायला नकार दिला असंही प्रामाणिकपणे लिहिलं होतं. पण त्याने मला काय कळणार होतं?

ऑफिसात माझ्या शेजारच्या खुर्चीवर एक दिल्लीची मुलगी बसायची. आमचं काम सारखंच, कुठल्या गोदामातून कुठला माल निघाला आणि कुठे पोचला त्याच्या नोंदी जुळवायच्या. आबा जे पाठीवर करायचे ते आम्ही पडद्यावर करायचो. ती संध्याकाळी माझ्याच मेट्रोने अर्धी वाट यायची. एकदा तिने माझ्या फोनमध्ये डोकावून बघितलं.

"हाय राम, तू ये सब पढ़ती है?"

"तू नहीं पढ़ती?"

"मेरे पास भी यही ॲप है यार. देख."

तिने तिचा फोन माझ्या फोनशेजारी धरला. तेच लाल ॲप, तीच वेळ. तिच्याकडे सोन्याचा भाव, नोएडातली घरं, कुणा नटीने घेतलेला फ्लॅट. माझ्याकडे कपात, कपात, कपात, बंद पडलेली कंपनी, पुन्हा कपात. मी बोटाने खाली खाली जात राहिले, तळ लागेना.

"तेरा फोन बीमार है," ती हसून म्हणाली. "तू जिसपे रुकती है ना, वही परोसता है. थोड़ा गहने-वहने देख ले, ठीक हो जाएगा."

म्हणजे मीच त्याला शिकवलं होतं. महिनाभर मी ज्या बातमीवर थबकत होते, त्याच चवीचं ते मला वाढत होतं. सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. उलट मला जास्तच भीती वाटली. आता दोन फोन होते आणि कुठला खरा ते मला माहीत नव्हतं. तिचा खरा मानला तर आबांनी महिनाभर उगाच पोती उचलली. माझा खरा मानला तर अजूनही उचलायला हवीत.

तरी त्या रात्री ठरवलं की उद्या सांगून टाकायचं, द्या बिल्ला. उद्या झाला आणि मी पुन्हा आठ दिवस मागितले.

पाडव्याला पाच दिवस असताना, गुरुवारी सकाळी, त्या मुलीला काचेच्या खोलीत बोलावलं. तिलाच. आमच्या मजल्यावरून एकेकाला बोलावत होते आणि प्रत्येक वेळी दार उघडलं की मी पडद्यावरची तीच एक ओळ वाचत होते. ती दहा मिनिटांत बाहेर आली. सोबत सुरक्षा रक्षक. लॅपटॉप त्याच्या हातात. ती टेबलाखाली वाकली आणि त्याला म्हणाली, "भैया, ये फोन का चार्जर मेरा अपना है. ये तो ले जाऊँ?"

तो बिचारा ओशाळून म्हणाला, "ले जाइए मैडम."

मग तिने माझ्याकडे बघितलं. रडत नव्हती. "सुन, तेरे वाले में आया क्या?"

मी फोन काढला. तिन्ही ॲप उघडली. लालमध्ये धनत्रयोदशीला सोनं घ्यावं की नाही. छोट्यात एका नव्या शेअरची बातमी. वर्गणीच्यात तेलाचे भाव. आमच्याबद्दल कुठेच काही नव्हतं.

"नहीं आया," मी म्हणाले.

"चल, फिर तो अफ़वाह है," ती म्हणाली आणि चार्जरची वायर हाताला गुंडाळत लिफ्टकडे गेली.

मला बोलावलं नाही. का नाही, ते मला आजही माहीत नाही. ती माझ्यापेक्षा कामाला वाईट नव्हती.

दुपारी आबांचा फोन आला तेव्हा मी जिन्यात जाऊन घेतला.

"आबा, आज इथे माणसं काढली."

"तुला?"

"नाही."

"मग रडतीस कशाला?"

"मला आधीपासून धास्ती होती. पेपरात येत होतं. म्हणून तुम्हाला थांबा म्हणत होते."

फोनमध्ये मार्केटातली गडबड ऐकू येत होती. कुणीतरी गाडी मागे घ्या म्हणून ओरडत होतं.

"म्हंजे एवढं दिस मी त्या पेपरापायी पोती उचलली?"

रागाने म्हणाले नाहीत. खरंच विचारत होते.

"पेपरात कोण म्हणत हुतं?"

"सूत्रं."

"त्यो कोण?"

"नाव नसतं, आबा."

"आमच्याकडं बी हाय असला एक. दर वर्साला म्हणतो, यार्ड बंद पडणार."

"पण इथे खरंच काढली ना माणसं! आणि पुढच्या वेळी मी असेन."

"असशील बी." ते म्हणाले. "बिल्ला नव्हता तवा मी रोज सकाळी फाटकावर उभा राहायचा. मुकादम बोट दाखवील त्यो आत. बाकी परत घरी. तुझ्या आईला वाटायचं मी कामालाच गेलोय. दिसभर पंचगंगेच्या घाटावर बसून यायचा."

हे मी पहिल्यांदाच ऐकत होते. आयुष्यभर मी समजत होते की भीती ही शिकलेल्यांची भानगड आहे.

"द्या बिल्ला," मी म्हणाले.

"नक्की?"

"नक्की नाही. पण द्या."

त्यांनी दिला. पाडव्याला इस्त्रीचा शर्ट घालून सौदा बघायला गेले आणि तिथून मला फोन लावून नुसता धरून ठेवला. लिलावाचा गलका येत होता. मध्येच म्हणाले, "हातांचं काय करावं कळंना झालंय." मी दिल्लीत रांगोळी काढत होते. माझ्या एका खुर्चीवर आता मी आणि आबा अशी दोन माणसं बसली आहेत, एवढंच डोक्यात होतं, आणि रेघ सरळ येईना.

आमच्या कपातीची बातमी पाडव्यानंतर दोन दिवसांनी आली, त्या छोट्या ॲपमध्ये, तीन ओळींत. त्याच दिवशी मी ते काढून टाकलं, आणि लालही. वर्गणीचं ठेवलं. एक तर पैसे भरले होते. दुसरं म्हणजे आबा. रिकामे बसल्यापासून त्यांना रोज संध्याकाळी एक बातमी मराठीत सांगावी लागते. स्टेशनवरून घरी चालत येताना सांगते. प्रत्येक बातमीला त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला, "कोण म्हणतंय?" त्याचं उत्तर नसलं की म्हणतात, "मग ऱ्हाऊ दे, दुसरी सांग." लाल ॲप या प्रश्नापुढे एक दिवस टिकलं नसतं. वर्गणीचं चारात तीनदा टिकतं. शब्द मात्र मला सोपे करावे लागतात, आणि सोपे करता आले नाहीत की कळतं, मलाच ते समजलेले नाहीत.

मार्चमध्ये एका संध्याकाळी आमच्या कंपनीचं नाव पुन्हा आलं, कपातीच्याच बातमीत. आबांना सांगू नये असं वाटलं. पण एकदा लपवून त्यांच्या कमरेवर महिनाभर ओझं घातलं होतं. सांगितली.

"कोण म्हणतंय?"

मी दिव्याखाली थांबले आणि शेवटच्या ओळीपर्यंत वाचली. या वेळी नाव होतं.

"आमचेच मोठे साहेब, आबा."

मग त्यांनी विचारलं, "उद्या जाणार हाईस नव्हं कामाला?"

"जाणार."

"मग जेव आता," ते म्हणाले, पण फोन ठेवला नाही. मी फोन कानाला तसाच धरून सोसायटीच्या फाटकातून आत गेले.