गुलाबांखाली हरवलेली बस

कंपनीच्या बसच्या ग्रुपवर किस्से जमायला फार काही करावं लागत नाही. फोन चार्जिंगला लावून आंघोळ करून या, तेवढ्यात एखादा तयार असतो! आमची बस रहाटणीहून चाकणला जाते. ग्रुपचं काम एकच: ड्रायव्हर सलीमभाईंनी बस कुठे आहे ते लिहायचं आणि आपण वाचायचं. बस्स! एवढं सोपं काम मोठ्या माणसांच्या हाती गेलं की काय होतं, ते ऐका.

*

मी नवीन, प्रोबेशनवर. एका सकाळी सलीमभाईंनी लिहिलं, "चौकात खोदलंय, आज बस शाळेसमोर थांबेल." मी चौकातच उभी! कारण त्या मेसेजवर गुलाब, उगवता सूर्य, वाफाळता चहा आणि "हसत राहा" सांगणारं एक बाळ येऊन बसलं होतं. लेट मार्क! साहेबांनी बजावलं, "आता आणखी एक लागला की कन्फर्मेशन पुढे ढकलणार."

गुलाब होता बोऱ्हाडे काकांचा. स्टोअर्समधले, रिटायरमेंटला टेकलेले, ग्रुपचे ॲडमिन. मी भांडायलाच गेले.

"काका, तुमच्या फुलानं माझी बस घालवली!"

"अगं पोरी, सकाळ सकाळ फूल बघून कुणाचं वाईट होतं व्हय?"

"माझं झालं ना!"

"मग तूच हो ॲडमिन. मला न्हाई जमत ही भांडणं."

झालं! गळ्यात पडलं.

*

मी नियम टाकले. शुभेच्छा नकोत. फॉरवर्ड नकोत. 'मी आलोच, बस थांबवा' असली विनंती तर अजिबात नको. एकासाठी सगळ्यांनी ताटकळायचं नाही!

लगेच सुरू. "खूप छान!" "अगदी मनातलं बोललात ताई!" टाळ्या, अंगठे, जोडलेले हात. एकानं तर माझ्याच नियमांना झेंडूची चौकट लावून ते परत पाठवले! त्या कौतुकाखाली सलीमभाईंचा "निघालो" कुठे गाडला गेला, कुणालाच दिसला नाही.

*

मदतीला धावले क्वालिटीचे पवार काका. कंपनीत ते खराब पार्टला लाल टॅग लावतात. ग्रुपवरही तेच सुरू केलं! कुणी सुविचार टाकला, की खाली लाल टॅगचा फोटो: 'रिजेक्टेड'. मग सुविचारवाला विचारणार, "कारण काय?" मग काका कारण लिहिणार. मग तो ते मान्य करणार नाही.

मी फोन केला. "काका, मेसेज कमी करायचे होते, तुम्ही वाढवताय!"

"सुरुवातीला रिजेक्शन वाढतंच," काका शांतपणे म्हणाले. "म्हणजे तपासणी चांगली चाललीय!"

*

मग बोऱ्हाडे काकांची व्हॉइस नोट आली. विषय: माणसानं थोडक्यात बोलावं. सुरुवात त्यांच्या लहानपणापासून. गाव, शाळा, कमी बोलणारे वडील... मागे कुकरच्या शिट्ट्या. मध्येच काका ओरडले, "अगं, डबा भरला का?"

मागून काकूंचा आवाज, "आधी तो फोन ठेवा!"

अख्ख्या ग्रुपमध्ये नियम समजलेली ती एकच बाई, आणि ती ग्रुपमध्ये नाही!

*

शेवटी मी सेटिंगच बदललं. फक्त ॲडमिन लिहू शकतील. म्हणजे मी आणि सलीमभाई. काय शांतता! मला तर नाचावंसं वाटलं.

चार दिवसांनी बसमध्ये चढले, तर सलीमभाईंनी आपला फोन माझ्यासमोर धरला. "मॅडम, ग्रुप साफ झाला, मानलं! पण आता सगळी फुलं माझ्या पर्सनलवर येतात. फोन हँग होतो हो!"

*

माझ्या कन्फर्मेशनच्याच आठवड्यातली गोष्ट. स्कूटर घराबाहेर काढली, तर मागचं चाक सपाट. रिक्षा एकही थांबेना. तेवढ्यात सलीमभाईंचा मेसेज, "स्टॉपवर आलोय, सगळे बसले की निघतो." मी टाइप केलं, 'आलेच, प्लीज थांबा.' बोट बटणावर होतं. नियम कुणी लिहिला होता? मीच! मेसेज पुसला आणि बॅग छातीशी धरून पळत सुटले. आता लेट मार्क लागणार, साहेब मान हलवणार, सगळं डोळ्यांसमोर दिसत होतं.

वळण घेतलं, तर बस उभी!

दारात बोऱ्हाडे काका. एक पाय पायरीवर, एक रस्त्यावर. डोळ्यांपासून लांब धरलेला फोन. सलीमभाई हॉर्नवर हॉर्न देतायत आणि काका खणखणीत आवाजात माझे नियम वाचतायत! एकेक शब्द सुटा करून, वर स्पष्टीकरणासहित.

"काका, चढा की! उशीर होतोय!" आतून कुणीतरी ओरडलं.

"नियम सगळ्यांना समजाय नको व्हय?" काका म्हणाले. "आता तिसरा. 'मी आलोच, बस थांबवा' असली विनंती..."

मी धापा टाकत दाराशी पोहोचले. काकांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं, फोन खिशात टाकला आणि पायरीवरून बाजूला झाले.

"चढ. सलीमभाई, घ्या गाडी. आजच्याला एवढंच पुरे."