मालकांच्या गाडीचं इंजिन

अब्बांनी आयुष्यभर जीपा दुरुस्त केल्या. घनसावंगीच्या स्टँडामागं त्यांचं गॅरेज होतं. परतूरकडं, आष्टीकडं माणसं कोंबून पळणाऱ्या जीपा तिथं यायच्या आणि संध्याकाळपर्यंत पुन्हा रस्त्याला लागायच्या. पण गावात अब्बांचं नाव निघायचं ते वेगळ्याच एका गाडीवरून.

जवळच्या एका गावातल्या मोठ्या शेतकऱ्यानं, ज्याला सगळे नुसतंच ‘मालक’ म्हणायचे, हैदराबादहून एक जुनी विलायती गाडी आणली होती. लाल, बुटकी, वरून उघडी, दोनच माणसं बसतील एवढी. शर्यतीत पळवायला केलेली ती गाडी आमच्याकडं उसाच्या ट्रॅक्टरमागं धूळ खात चालायची. अब्बांशिवाय दुसऱ्या कुणाचा हात मालक तिला लागू देत नसत.

मी शाळेत असताना एकदा ती गाडी बरेच दिवस गॅरेजमध्ये उघडून पडली होती. ती परत गेल्यावर बोलवा उठली: मिस्त्रीनं विलायती इंजिन काढून विकलं आणि ॲम्बॅसिडरचं बसवून दिलं. दोन्ही इंजिनांची घडण जवळपास सारखी, त्यामुळं असं करता येण्यासारखं होतं. लोकांना ते पटलं. मालक स्वतः कधी काही बोलले नाहीत. पण त्यानंतर काही महिन्यांनी त्यांचं गॅरेजवर येणंच बंद झालं. गाडी गोठ्याशेजारच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली गेली. पुढं मालकही गेले.

सुरुवातीला कुणी हा विषय काढला की अब्बा हातातला पाना खाली ठेवून भांडायला उठायचे. मग नुसती मान फिरवायला लागले. लग्नाकार्यात कुणीतरी हसत विचारायचंच, ‘‘मिस्त्री, मालकाचं इंजिन कोणत्या जीपमधी पळून राह्यलं?’’ अम्मी होती तोवर ती उत्तर द्यायची, आणि चांगलं सणसणीत द्यायची.

अम्मी गेल्यावर अब्बा माझ्याकडं मंठ्याला राहायला आले. मी तिथल्या शाळेत मराठी शिकवते. अलीकडं त्यांचं विसरणं वाढलं. चष्मा कुठं ठेवला इथपासून सुरू झालं आणि माणसांची नावं, गावं एकमेकांत मिसळायला लागली. एके दिवशी दुपारी मी भाजी निवडत बसले होते. ते समोर येऊन बसले आणि म्हणाले, ‘‘बेटी, मैंच बदला था क्या वो इंजन?’’

इतकी वर्षं ज्या गोष्टीवरून ते भांडले, तीच ते आता मला विचारत होते. मी म्हटलं, ‘‘नाही अब्बा, तुम्ही नाही बदललं.’’

‘‘तुला कसं ठाऊक? तू तर लहान होती.’’

ते खरं होतं. मला ठाऊक नव्हतं. माझा फक्त विश्वास होता. पुढचे काही महिने ते अधूनमधून तेच विचारायचे, आणि हळूहळू त्या विचारण्यातला प्रश्न कमी होत गेला. ‘‘लोक एवढं बोलतात म्हणजे केलं असेल मी,’’ असं ते एकदा म्हणाले, तेव्हा मला रडू आलं.

अशात मालकांच्या मुलाचा फोन आला. तोही आता साठीचा, संभाजीनगरला राहतो. वडिलांची गाडी नीट करून जुन्या गाड्यांच्या मेळाव्यात न्यायचं त्याच्या मनात होतं. गाडीतलं इंजिन मुळातलंच आहे का, हे तपासायला पुण्याहून एक जाणकार येणार होते. ‘‘मिस्त्रीचाचांना आणता का?’’ त्यानं विचारलं. ‘‘गाडी त्यांच्या हातची आहे.’’

मी नाही म्हणणार होते. पण अब्बा शेजारीच बसले होते आणि फोनमधला आवाज मोठा होता. ‘‘जाऊ या,’’ ते म्हणाले. ‘‘एकदा काय ते होऊन जाऊ दे.’’

त्या दिवशी सकाळी त्यांनी चहासुद्धा घेतला नाही. धुतलेला पांढरा सदरा घातला, टोपी घातली आणि भाड्याच्या गाडीत जाऊन बसले.

शेडमधून गाडी ढकलून बाहेर आंब्याखाली आणून ठेवली होती. लाल रंग विटक्या विटेसारखा झाला होता. मालकांचा मुलगा पुढं आला, अब्बांच्या पायाशी वाकला. अब्बांनी त्याचे दोन्ही हात धरले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, ‘‘छोटे मालक, मला आता काही आठवत न्हाई. माझ्याकडून काही झालं असंल तर आजच माफ करा.’’

‘‘चाचा, तुम्ही बसा बरं आधी,’’ तो म्हणाला. प्लास्टिकची खुर्ची आणून त्यानं सावलीत टाकली. अब्बा बसले, पण गाडीकडं पाठ करून.

पुण्याचे गृहस्थ पन्नाशीचे, कमी बोलणारे. त्यांनी बॉनेट उघडलं, टॉर्च आत धरून बघितलं आणि ते म्हणाले,

‘‘हे हेड ॲम्बॅसिडरचं आहे.’’

अब्बांची पाठ किंचित वाकली. मालकांच्या मुलानं माझ्याकडं बघितलं आणि लगेच नजर वळवली.

‘‘म्हणजे इंजिन दुसरं?’’ मी विचारलं.

‘‘नाही, नाही. हेड म्हणजे वरचं झाकण समजा. ते बदलता येतं. खरं इंजिन म्हणजे खालचा ब्लॉक, त्यावर कोणता नंबर आहे ते बघू.’’

ब्लॉकवर कुणीतरी कधीकाळी चंदेरी रंग फासला होता आणि त्यावर तेलाचा आणि धुळीचा थर बसला होता. ते चिंधी थिनरमध्ये भिजवून पुसत राहिले. रंगाखालून आधी एक छोटी पट्टी दिसली, मग तिच्यावरचे ठोकलेले आकडे. जागा इतकी अडचणीची की थेट बघता येईना. त्यांनी दाताच्या डॉक्टरकडं असतो तसा आरसा आत घातला. गाडीच्या बॉडीवर आणखी एक पट्टी होती. कारखान्यातून निघताना त्या गाडीत कोणतं इंजिन बसवलं त्याचा नंबर तिच्यावर होता. मालकांचा मुलगा तो वाचायचा आणि ते आरशात बघून ‘बरोबर’ म्हणायचे. एकेक आकडा जुळत गेला. मी अब्बांच्या खुर्चीशेजारी उभी राहून ऐकत होते.

‘‘शेवटचा दोन,’’ मालकांचा मुलगा म्हणाला.

पुण्याच्या गृहस्थांनी आरसा तिरका करून पाहिला. मग ते म्हणाले, ‘‘इथं पाच दिसतोय.’’

अब्बांनी डोळे मिटून घेतले.

‘‘आरशात उलटं दिसतंय ना साहेब?’’ मालकांचा मुलगा म्हणाला. ‘‘थांबा, फोन घालतो.’’ त्यानं मोबाइल फटीत सरकवून फोटो काढला आणि दोघं डोक्याला डोकं लावून बघू लागले. पुण्याचे गृहस्थ हसले. एवढ्या वेळात पहिल्यांदाच.

‘‘दोनच आहे. आरशानं फसवलं.’’

तरी ते एवढ्यावर थांबले नाहीत. पट्टी काढून दुसऱ्या ब्लॉकवर लावता येते म्हणाले. तिचे रिव्हेट, म्हणजे ती ठोकून बसवलेले खिळे, तपासले, ते मुळातलेच होते. मग खाली आडवे होऊन ब्लॉकच्या अंगावरची ओतीव अक्षरं वाचली. ती विलायतेतल्या कारखान्याचीच निघाली. अंग झटकत उठून ते अब्बांसमोर आले.

‘‘काका, इंजिन याच गाडीचं आहे. जन्मापासून हेच आहे.’’

अब्बा माझा हात धरून उठले, गाडीपाशी गेले आणि त्या हेडवर तळवा ठेवला.

‘‘हेड फाटलं होतं,’’ ते हळू आवाजात म्हणाले. ‘‘पाणी तेलात यायचं. मालक म्हणले, काहीबी कर पण गाडी चालू कर. मी जालन्याहून हे आणलं. पोत्यात बांधून, बसच्या टपावर टाकून. अख्ख्या स्टँडानं पाह्यलं मला उतरवताना.’’

त्यांना ते खरंच आठवलं, की समोर दिसलेल्या वस्तूवरून त्यांनी जुळवलं, मी सांगू शकत नाही. पण ते सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर जुने मिस्त्री दिसले.

‘‘मंग मालक यायचे का बंद झाले?’’ त्यांनी विचारलं. हा प्रश्न त्यांनी किती वर्षं पोटात ठेवला होता!

मालकांचा मुलगा चकित झाला. ‘‘चाचा, त्यांच्या डोळ्यात मोतीबिंदू आल्ता. आईनं गाडीची किल्लीच लपवून ठेवली. तुमच्याकडं यायला लाजायचे ते. म्हणायचे, मिस्त्रीला काय सांगू, बायको गाडी चालवू देत न्हाई म्हणून?’’

अब्बा इतके हसले की त्यांना ठसका लागला. घरातून कुणीतरी पाणी आणलं.

जेवायला भाकरी, वांग्याची भाजी आणि खरडा होता. अब्बांनी दोन भाकरी खाल्ल्या, ताक मागून घेतलं. मालकांचा मुलगा गाडीबद्दल एकेक विचारत होता. काही गोष्टी त्यांना सांगता आल्या, काही नाही. जिथं आठवेना तिथं ते सरळ म्हणत होते, ‘‘हे माझ्या ध्यानात न्हाई,’’ आणि त्याचं त्यांना काही वाटत नव्हतं.

परतीच्या वाटेवर मी त्यांच्या शेजारी बसले होते. खिडकीबाहेर कापसाची शेतं मागं पळत होती. मला वाटलं आता ते काहीतरी मोठं बोलतील. ते पुढं वाकले आणि ड्रायव्हरच्या खांद्यावर बोट टेकवून म्हणाले, ‘‘भाऊ, क्लचवरचा पाय काढ. प्लेट जळून जाईल.’’

ड्रायव्हरनं गुपचूप पाय काढला. अब्बा मागं रेलले आणि परतूर यायच्या आत झोपी गेले.