माझ्या वाट्याचा पेटा

माहेरी कोंबडी शिजली की पेटा, म्हणजे तिच्या पोटातली दाणे दळायची पिशवी, माझा, हे आईनं माझ्या लहानपणीच ठरवून टाकलं होतं. भाऊ कलेजीसाठी भांडायचा, मी पेट्यासाठी. आई चुलीपुढं बसून तो चिरायची, आतले खडे झटकायची, पिवळी साल सोलायची आणि तोंडानं मला शिकवत राहायची. "पाह्य बाई, कोंबड्याचा पेटा मोठा रायते, कोंबडीचा लहान. अन् गावरानचा आहे तं दातानं तोडा लागते. बॉयलर आयतं पीठ खाते, त्याचा पेटा मऊच रायन."

आई गेली तेव्हा तिच्या कोंबड्या इकडंतिकडं वाटल्या गेल्या. माझ्या वाट्याला एक आली. करडी, मानेवर पिसं नसलेली, डोक्यानं तापट. बाकीच्या हळूहळू संपल्या आणि आईच्या वाणाची तेवढी ही एकच राहिली. चिखल्याला आमच्या खाणीच्या क्वार्टरमागं ती दिवसभर मँगनीजच्या काळ्या मातीत उकरत असायची. या हिवाळ्यात तिला अंड्यांवर बसवायचं, पिल्लं निघाली की दोन लेकीकडं पाठवायची, असं मी मनाशी पक्कं केलं होतं.

मध्येच लेकीचं बाळंतपण आलं. मला नागपूरला राहायला जायचं होतं आणि नवरा खाणीत पाळीवर. म्हणून कोंबडी शहापूरला भावाकडं नेऊन ठेवली.

"आईची आहे दादा, सांभाळजो."

तो हसला. "अवं बाई, कायले काळजी करून राहिली? माही आई नव्हती का ते?"

बाळंतपण आटोपल्यावर टोपली घेऊन मी तिला आणायला गेले. भावानं ओसरीत नवी फरशी बसवली होती, अगदी तोंड दिसेल अशी. त्यानं मला पाणी दिलं आणि मान खाली घालून म्हणाला, "बाई, तुही कोंबडी मुंगसानं नेली व."

मला रडूच कोसळलं. वहिनी धावत आली, माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिली. शेवटी मीच त्यांची समजूत घातली, मुंगसापुढं कोणाचं काय चालणार म्हणून. "तुह्यासाठी बाजारातून गावरान कोंबडा आणला, चांगला दांडगा," भाऊ म्हणाला.

जेवायला बसलो. वहिनीनं आठवणीनं पेटा माझ्या ताटात वाढला. मला फार बरं वाटलं. आईमागंही या घरात माझा वाटा शिल्लक होता. मग ताटात नीट पाहिलं, तर पेटा एवढासा. दांडग्या कोंबड्याचा पेटा इतका लहान कसा? बाजारवाल्यानं भावाला गंडवलं, असंच मला वाटलं. दाताखाली धरला, तर तुटेना. चिवट, घट्ट, खऱ्या गावरानाचा. म्हणजे गावरान होती, आणि कोंबडी होती. घास माझ्या तोंडातच राहिला.

हात धुवायला म्हणून मागं गेले. पिसं कुठं दिसली नाहीत, लांब नेऊन टाकली असावीत. पेट्याची पिवळी साल मात्र मोरीच्या तोंडाशी अडकली होती. मी ती बोटानं उलगडली. आत काळे चकाकणारे खडे. शहापूरच्या धानाच्या बांध्यांत असले खडे कुठले? ते आमच्या चिखल्याचे होते.

भाऊ मागं येऊन उभा होता. मी तळहात त्याच्यापुढं केला. तो खड्यांकडं पाहत राहिला.

"नव्या फरशीवर रोज हागून ठेवे," तो म्हणाला. "तुही वहिनी कंटाळली. अन् तू येऊन राहिली होती, घरी दुसरं काही नव्हतं. कोंबडीच तं होती, बाई."

कोंबडीच! एक फोन केला असता तर मी नवऱ्याला पाठवून तिला परत नेलं असतं. कापली ती कापली, वर मुंगसाचं नाव घेतलं, मला रडू दिलं, आणि तीच मला मान म्हणून वाढली. माझ्या पाठीवरून फिरणाऱ्या त्या हाताला मसाल्याचा वास येत होता, हे मला तेव्हा आठवलं. सख्ख्या भावानं इतकं करावं! एरवी मी घरात भांडखोर म्हणून प्रसिद्ध आहे. त्या दिवशी मी खडे मोरीत सोडले आणि हात धुतले.

निघताना वहिनीनं डबा भरून दिला. "जावईबापूंले द्याल." मी तो घेतलाही. टोपली रिकामी होती, तिच्यातच ठेवला.

नवरा पाळीवरून आला आणि जेवायला बसला. रस्सा भुरकत म्हणाला, "तुह्या भावानं मस्त कोंबडा कापला." खरं सांगितलं असतं तर त्यानं मला जन्मभर माहेरावरून टोमणे मारले असते. मी भाताचं पातेलं पुढं ओढलं.

"अन् आपली कोंबडी काहून नाही आणली?" त्यानं विचारलं.

"मुंगसानं नेली," मी म्हटलं आणि त्याला आणखी भात वाढला.