एकशे चौसष्ट न नेलेली पुस्तकं

माझी ताई एकोणीस वर्षं शाळेची लायब्ररी सांभाळत होती, पण कागदोपत्री ती लायब्ररियन नव्हती. हजेरीपटावर तिच्या नावापुढे 'तात्पुरती' असं लिहिलेलं. तात्पुरती म्हणता म्हणता तिचे केस पिकले. मग नवा नियम आला. शालेय ग्रंथपालाचा विद्यापीठाचा अभ्यासक्रम या वर्षात पूर्ण करायचा, नाहीतर जागा दुसऱ्याला. एक्कावन्नाव्या वर्षी ताईने विद्यापीठात नाव घातलं.

मी वकिलाच्या ऑफिसात टायपिस्ट. त्यामुळे तिचे प्रकल्प टाईप करायचं काम न विचारताच माझ्या गळ्यात पडलं. दर रविवारी सकाळी ती फुलस्केप कागदांचा गठ्ठा घेऊन यायची आणि मी चिडचिड करत बसायचे. वर्गीकरण, तालिका, वाचनाचा तास कसा घ्यावा याची टाचणं.

"एका पुस्तकाला एवढे आकडे?" मी म्हणायचे.

"नंबर आहे तो. त्यावरून पुस्तक सापडतं."

"तुला सापडतं?"

"मला नाही. मला कुठलं पोर कुठे बसून वाचत होतं, त्यावरून सापडतं."

हे अर्थात परीक्षेत लिहिता येत नाही. तरी लेखी पेपरांत ती सगळ्या पास झाली.

अडलं ते प्रात्यक्षिकात. आपल्याच लायब्ररीतली, गेल्या पाच वर्षांत कोणी एकदाही नेली नाहीत अशी पुस्तकं देवघेवीच्या वहीवरून शोधायची आणि बाद करायची. ताईने वही समोर ठेवून यादी केली, मी टाईप केली. एकशे चौसष्ट झाली.

"एवढी गोष्टींची पुस्तकं, आणि एकानेही नेली नाहीत?" मी म्हटलं. "वाचतच नाहीत ही कार्टी. आमचीच बघ ना, शाळेच्या शेवटच्या वर्षाला आली, पण पुस्तकाला हात लावेल तर शपथ."

माझी लेक ताईच्याच शाळेत. ताई यादीची पानं जुळवत राहिली. मूग गिळून बसण्यात ती लहानपणापासून पटाईत.

पुढचं मला तिनेच सांगितलं. विद्यापीठाचे सर तपासणीला आले. सोबत मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका. बाद पुस्तकांचे गठ्ठे टेबलावर दोरीने बांधून ठेवलेले. सरांनी एक गठ्ठा सोडला, वरचं पुस्तक उघडलं आणि मधल्या शिवणीवरून बोट फिरवलं.

"ही शिवण कोणाची?"

"माझी," ताई म्हणाली. पुस्तकांची सुटलेली पानं ती स्वतः शिवते, दोऱ्याला मेण लावून.

"यात तीन रंगांचे दोरे आहेत. म्हणजे तीनदा शिवलंय. पुस्तक आलंय चार वर्षांपूर्वी. एकदाही कोणी न नेलेलं पुस्तक तीनदा सुटलं कसं?"

मुलं जागेवरच ओढाताण करतात, एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. सरांनी मान डोलावली असती आणि तिची जागा पक्की झाली असती. गठ्ठेही रद्दीत जाणार नव्हते. ते घरी आणून पिशवीतून दोन-दोन पुस्तकं परत शाळेत न्यायची, असा तिचा बेत होता. मी असते तर खुशाल खोटं बोलले असते, लपवत नाही. पण तिला शिवणीबद्दल खोटं बोलवेना.

ती मोठ्या बाईंना म्हणाली, "पुस्तक हरवलं की तुम्ही मुलाचं कार्ड काढून घेता. नवं आणून देईपर्यंत परत देत नाही. ज्यांची कार्डं तुमच्या कपाटात आहेत, त्यांना मी ही पुस्तकं देते. वहीत लिहीत नाही."

"कधीपासून?"

"तुम्ही नियम केलात तेव्हापासून."

सर म्हणाले, "नोंद नाही म्हणजे पुस्तक दिलंच नाही. नोंदींच्या भागात मला शून्य द्यावं लागेल आणि तुम्ही नापास व्हाल. पंधरा दिवसांत सगळ्या नोंदी करा, बाईंची सही घ्या. मग बघतो."

रविवारी ताई दोन पिशव्या भरून पुस्तकं घेऊन आली. मी कपाळाला हात लावला. पाच वर्षांचं आठवणार कसं?

"शिवण बघितली की आठवतं," ती म्हणाली.

आणि खरंच आठवत होतं. एकेक पुस्तक हातात घ्यायची, दोरा बघायची आणि सांगायला लागायची. निळा दोरा सहामाहीनंतरचा, त्याआधी हे अमक्याकडे होतं, त्याच्याआधी तमकीकडे. मुलाचं नाव, वर्ग, महिना. मी टाईप करत होते. दुपारी एका नावाशी माझी बोटं थांबली. ते माझ्या लेकीचं होतं.

"तिचं कार्ड पाचवीत गेलं ना," ताई म्हणाली.

गेलं होतं. तिने पुस्तक हरवलं होतं आणि मी नवं आणून दिलं नव्हतं. हरवलंस ना, मग बस तशीच, असं म्हणाले होते. शिस्त कशी लावावी म्हणून चारचौघांत ते सांगितलंही होतं.

"घरात तर कधी पुस्तक दिसलं नाही."

"घरी आणायला घाबरायची. मधल्या सुट्टीत वाचायची आणि माझ्या ड्रॉवरमध्ये ठेवून जायची."

"मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर वाचू दिलं असतंस?"

नसतंच दिलं. दोन रविवारांत तिचं नाव सत्तावीस वेळा आलं. समोरचं धड दिसत नव्हतं तरी टाईप करत राहिले, चुका मागाहून सुधारल्या.

मोठ्या बाईंनी ती यादी तीन दिवस स्वतःकडे ठेवली. मग सही केली, आणि ताईच्या फाईलला ताकीदही लावली. ताई दोन गुणांनी पास झाली. हजेरीपटावरचं 'तात्पुरती' गेलं. कार्डाचा नियम मात्र आहे तसाच आहे. ताई हल्ली सगळं वहीत लिहिते, कार्ड नसलेल्यांचंसुद्धा, आणि मोठ्या बाई ती वही उघडून बघत नाहीत.

मी दुकानात जाऊन ते हरवलेलं पुस्तक आणलं आणि शाळेत नेऊन दिलं. मोठ्या बाईंनी कपाटातून कार्ड काढून माझ्या हातात ठेवलं. फोटोत लेकीच्या दोन वेण्या होत्या. शाळा संपायला तीन आठवडे उरले होते.

घरी येऊन मी कार्ड तिच्यापुढे ठेवलं. म्हटलं, "चुकलं माझं."

तिने ते उलटसुलट करून पाहिलं.

"आता कशाला, आई?" ती म्हणाली. "मावशी कधी मागायचीच नाही."