बेडकांच्या डबक्याचे वारसदार

आल्विन पोगनडीकला कुठल्याही नव्या गावी नेलं, की तो आधी टपाल कचेरी गाठायचा आणि तिथल्या टेलिफोनच्या जाडजूड पुस्तकात आपलं आडनाव शोधायचा. ते सापडत नसे. मग स्वारी खुशीत बाहेर येऊन बायकोला सांगायची, "इथंही कुणी नाही!" एकदाच ब्रेमेनमध्ये एक पोगनडीक निघाला. आल्विनने तिथूनच फोन लावला, तर पलीकडून त्याचीच थोरली बहीण हेडविग कडाडली, "अरे गाढवा, मागच्या वर्षी इथं राहायला आले ना मी!"

तिकडच्या बोलीत आडनावाचा अर्थ म्हणाल, तर बेडकांचं डबकं. म्युन्स्टरकडच्या सपाट मुलखात, आल्विनच्या गोठ्यामागे ते डबकं अजून आहे, बेडूकही आहेत. पण ताठा असा, जणू मागे राजवाडाच उभा आहे. सल एकच होता. वडील गेल्यापासून "पोगनडीक!" अशी हाक आली, की मान वळवणारा गावात तो एकटाच उरला होता. मूलबाळ म्हणजे एकुलती एक गेझिने, आणि तीही आता लग्नाला उभी.

तिने निवडलेला राडेक मूळचा पोलंडचा, दूध काढायची यंत्रं दुरुस्त करणारा. आल्विनला तो पसंत होता. त्याच्या हाताखाली गाय लाथ मारत नसे, याहून मोठी शिफारस कुठली? पण एका दुपारी जेवताना राडेक सहज बोलून गेला, "मी गेझिनेचं आडनाव घेतो. माझ्या आडनावाची माणसं आमच्याकडे पोत्यानं आहेत."

आल्विनचा चमचा सूपमध्येच पडला. "नाव रक्तातून येतं, बाबा. कचेरीतल्या शिक्क्यानं नाही."

"मग बुडू दे ते डबक्यात!" गेझिने म्हणाली आणि ताट सोडून उठली. त्या दिवसापासून बापलेकीत अबोला.

लग्नाच्या आदल्या संध्याकाळी रिवाजाप्रमाणे सगळा गाव जुन्या बशा-कप घेऊन अंगणात जमला. ते दारात फोडायचे आणि नवरानवरीने हसत झाडायचे. हेडविगने तडा गेलेलं सूपचं भांडं दणक्यात आपटलं आणि कोपऱ्यात तोंड पाडून बसलेल्या भावाकडे आली. त्याने गाऱ्हाणं सांगितलं. ती पोट धरधरून हसली.

"रक्त म्हणे! स्वयंपाकघरात ज्यांची तसबीर टांगलीयस ते पणजोबा कोण होते रे? हॉलंडहून गवत कापायला आलेला मजूर! या घरच्या पोरीशी लग्न केलं, शेत मिळालं, शेताबरोबर नाव मिळालं. गाय उधळली की डच भाषेत शिव्या घालायचे, आजी सांगायची. तेव्हा रीतच होती तशी. डबक्याकाठी नांदेल तो पोगनडीक."

"ठाऊक आहे मला," आल्विन गुरगुरला.

"मग विसरलास कशाला?"

जन्मभर त्या तसबिरीखाली बसून आल्विन जेवला होता, पण त्या मिशांमागे एक घरजावई आहे, हे त्याने कधी मनावर घेतलंच नव्हतं.

तेवढ्यात दाराकडून शेजारचा ट्योने ओरडला, "ए पोगनडीक! झाडू आण इकडे, चिक्कार काचा राहिल्यात!"

आल्विन सवयीने अर्धा उठला.

"तुम्ही बसा हो काका! धाकट्याला म्हणतोय मी!"

झाडू घेऊन राडेक वळलाच होता. सासऱ्याला पाहून तो ओशाळला आणि जागीच थबकला. एका हाकेला दोन माना वळल्या होत्या, किती वर्षांनी! नाक पुसून आल्विन सगळ्या अंगणाला ऐकू जाईल असा ओरडला,

"बघतोस काय, पोगनडीक? हाक मारली की जायचं असतं!"