उरलेल्या विटांचा कट्टा

आमचा इंजिनिअर सेक्शन तेव्हा जम्मूकडच्या सीमेलगतच्या एका पोस्टवर कामाला होता. काम साधं होतं. सीमा पश्चिमेला, म्हणून कुकहाऊसच्या पश्चिमेला नऊ इंची भिंत बांधायची. तोफगोळा पडलाच तर छर्रे जेवणाऱ्या जवानांपर्यंत पोहोचू नयेत.

मी हवालदार. विटांचा अंदाज माझ्याकडे होता. पद्धत सिव्हिलियनलाही जमेल अशी आहे. लांबी गुणिले उंची, आणि नऊ इंची भिंतीला चौरस फुटामागे दहा विटा. आमची भिंत तीस फूट लांब, सात फूट उंच, म्हणजे एकवीसशे. वर शेकडा पाच तूटफुटीच्या. खराब रस्त्याने विटा फुटणारच, असं धरूनच डिमांड पाठवतात.

नाईक दत्ताराम परब माझ्या हाताखाली होता. मुंबईत काळाचौकीला आमची चाळ एकच, त्याची खोली माझ्या खोलीपासून तिसरी. माझा युनिफॉर्म बघून तो भरती झाला होता. त्याच्या आईला सगळी चाळ आये म्हणते. निघताना ती मला एवढंच म्हणाली होती, "ह्येच्यावर लक्ष ठेव रे."

दत्ताने ट्रकमधून विटा ओतू दिल्या नाहीत. जवानांची रांग लावली आणि हातोहात उतरवून घेतल्या. जेमतेम पाच-सहा फुटल्या. भिंत पुरी झाली आणि शंभर विटा उरल्या.

"साहेब, कट्टा करूया."

"कशाला?"

"कट्टा नाय तर ती चाळ कसली?"

"ही पोस्ट आहे, दत्ता."

"आता हीच आपली चाळ."

मला हसू आलं. शंभर विटांत दोघांपुरता कट्टा झाला. सकाळची सावली आणि वारा भिंतीच्या बाहेरच्या अंगाला, म्हणून तो तिकडे बांधला. आम्हा गिरणगावच्या माणसांना बसायची जागा शोधताना आधी वारा सुचतो, बाकीचं नंतर. सीमा कित्येक महिने शांत होती. कंपनी कमांडरसाहेबही एकदा येऊन बसले, "वेल डन, परब" म्हणाले. जिच्यासाठी एवढा खटाटोप केला त्या भिंतीच्या पलीकडे आपण बसतोय, हे आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही.

त्या सकाळी स्टँड-टू, म्हणजे पहाटेचा सशस्त्र पहारा, संपल्यावर आम्ही दोघं तिथेच होतो. मी म्हणालो, "बस, चहा आणतो." आत लांगरी, म्हणजे आमचा स्वयंपाकी, चहाचे मग भरत असताना पहिला गोळा पडला.

रेडिओवर हेडक्वार्टरला मीच कळवलं.

"टायगर फॉर वन. शेलिंग. कॅज्युअल्टी वन. ओव्हर."

"वन, नाम भेजो. ओव्हर."

नाव सांगायला मला वेळ लागला. पलीकडच्याने घाई केली नाही.

भिंतीने तिचं काम चोख केलं. कुकहाऊसमधल्या कोणाला ओरखडासुद्धा आला नाही. विटा कमी फुटल्या म्हणून उरल्या, आणि उरल्या म्हणून दत्ता गेला, हा हिशेब मी आजवर मांडत आलोय. नीट काम केल्याचा पश्चात्ताप करायचा तरी कसा?

घरी आयेला सांगितलं, ड्यूटीवर असताना गेला. त्यापुढे तिने विचारलं नाही, मी सांगितलं नाही.

आता मी पेन्शनीत निघालोय. चाळीच्या मागे टॉवरचं काम सुरू झालं, धूळ थेट घरात येऊ लागली, तेव्हा चाळ कमिटीने भिंत घालायची ठरवली आणि अंदाज माझ्याकडे आला. चाळीस फूट बाय सहा फूट. मी चोवीसशे सांगितल्या.

"काका, तूटफूट धरली नाय?" सेक्रेटरीने विचारलं.

"नको. मी उभा राहून उतरवून घेईन. एक वीट उरायला नको."

आये दारात बसून ऐकत होती. ती म्हणाली, "शंभर जास्त मागव. दत्तून माका फोनार सांगितल्यान, आये, आमी हय कट्टो बांधलो. तसोच एक हयसर होयो माका."

सेक्रेटरी गेल्यावर मी तिच्याजवळ जमिनीवर बसलो. इतकी वर्षं गिळलेलं आता गिळवेना.

"आये, तो त्या कट्ट्यावरच गेला. कट्टा भिंतीच्या बाहेर होता. मी चहा आणायला आत गेलो होतो."

ती पदर हातात धरून बसली होती.

"चाय पिल्यान काय रे त्येना?"

"नाही आये. मी येईपर्यंत..."

तिने मान हलवली. मग माझ्या खांद्याचा आधार घेऊन उठली.

"ह्यो आतल्या अंगाक बांध."

विटा पंचवीसशे आल्या. भिंत उभी राहिली, आणि तिच्या आतल्या अंगाला कट्टाही. दोघांपुरताच. संध्याकाळी आये तिथे बसते, मी तिला चहा नेऊन देतो. ती शेजारची जागा हाताने पुसते आणि म्हणते, "बस रे."

मला अजून बसवत नाही. मी भिंतीला टेकून उभा राहतो.